४६ स्लाइडची सभा, ११ स्लाइडची सभा: उसाच्या पाल्यावरचं एक सादरीकरण

हे प्रकरण निपाणी तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या एका गावातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. सादरीकरण करणारी मुलगी कृषी पदवीधर. शिक्षण संपवून गावी परतली आणि तिथल्या शेतकरी गटाचं काम बघू लागली. गावात तिला सगळे ताई म्हणतात, इथेही तेच म्हणू. मी बेळगावात राहतो आणि सभेत, वर्गात बोलणाऱ्यांना स्लाइड बनवायला मदत करतो. पहिल्या सभेला मी मागे बसलेला पाहुणा होतो. दुसरीच्या तयारीत मात्र माझा हात होता, आणि त्यातल्या काही चुकाही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा सगळा उसाचा पट्टा. तोडणी झाली की फडात वाळलेला पाला उरतो. पुस्तकात त्याला पाचट म्हणतात, आमच्याकडे पाला, आणि कन्नड घरांत रवदी. बहुतेक ठिकाणी तो पेटवला जातो. कधी तोडकरी तोडणीआधीच उभा फड पेटवतात. न पेटवता खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, ठेवला आणि कुजवला तर जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, ओल टिकते, तण कमी येतं. कृषी विद्यापीठं हे कित्येक वर्षं सांगत आली आहेत. हेक्टरी ८ ते १० टन पाला निघतो, म्हणजे एकरी ३ ते ४ टन.

ताईने वडिलांच्या मागे लागून स्वतःच्या दहा गुंठ्यांत हे करून बघितलं होतं. जानेवारीत तोडणी झाली, पाला ठेवला, खोडवा चांगला आला. हे गावाला सांगावं, असं तिला मनापासून वाटत होतं. नवीन हंगामाची तोडणी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरात, गटाने मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सभा ठेवली. वेळ संध्याकाळी सातची, डेअरीला दूध घालून माणसं मोकळी होतात तेव्हाची. प्रोजेक्टर निपाणीहून भाड्याने आणला होता.

अडचण

ताईकडे ४६ स्लाइड होत्या. पहिल्या चार गटाच्या: बोधचिन्ह, पदाधिकाऱ्यांचे फोटो, उद्दिष्टं, स्वागत. पाचवीवर ‘पाचट व्यवस्थापनाची संकल्पना’. सहावीवर सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचा तक्ता, सात ओळी आणि पाच रकाने. हिरवी गडद पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं. मंडपातल्या ट्यूबलाइट चालू होत्या, त्यामुळे हिरवा रंग विटलेल्या राखाडीसारखा दिसत होता. प्रोजेक्टर उजेड टाकतो, काळोख टाकू शकत नाही. पडद्यावरचा ‘काळा’ म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा, आणि खोलीत दिवे असतील तर तो काळा राहतच नाही. काही मथळे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. लॅपटॉप बदलल्यावर त्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटला. ताई तिथे थांबली, ओशाळली, आणि तिथून पुढे पडद्याकडे तोंड करून वाचू लागली.

खरी घसरण मात्र अक्षरांमुळे झाली नाही. बाराव्या-तेराव्या स्लाइडला मागच्या रांगेतले दोघे उठून बाहेर गेले आणि तंबाखू मळत हलक्या आवाजात बोलू लागले. मी कान दिला. ते पाल्याबद्दलच बोलत होते. ‘पाला ठेवला तर पाणी सरीतनं म्होरं सरकतंय कुठं?’ दुसरा म्हणाला, ‘तोडकरी पेटवल्याबिगर कोयता घालत न्हाईत, हिला कोण सांगणार?’ आत सेंद्रिय कर्बावर स्लाइड चालू होती आणि बाहेर खरी सभा भरली होती. आठच्या सुमारास थ्री फेज, म्हणजे शेतातल्या मोटरींना लागणारी वीज, आला, मोटरी चालू करायला निम्मा मंडप रिकामा झाला. ताईच्या अजून १७ स्लाइड उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती फोनवर म्हणाली, ‘सर, लोकांना ऐकायचंच नाही.’ मला ते पटलं नाही. बाहेर गेलेले ते दोघे विषय सोडून गेले नव्हते, विषय बरोबर घेऊन गेले होते.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय प्रोजेक्टर सोडून देण्याचा. शेतकऱ्याला शेत दाखवावं, पडदा कशाला? हे ताईच्या वडिलांचं म्हणणं, आणि त्यात दम होता. पण ऑक्टोबरात दाखवणार काय? तिच्या दहा गुंठ्यांतला पाला कुजून मातीत मिसळला होता, वर पुरुषभर उंच ऊस उभा होता. शिवारफेरी काढली असती तर लोकांना फक्त चांगला ऊस दिसला असता, आणि चांगला ऊस गावात अनेकांचा आहे.

या चर्चेतच महत्त्वाची गोष्ट हाती लागली. ताईच्या फोनमध्ये त्या तुकड्याचे फोटो होते. सभेसाठी काढलेले नव्हते, धाकट्या भावाला पाठवायला सहज काढलेले. जानेवारीत गुडघाभर पाला, मार्चमध्ये त्यातून वर आलेले फुटवे, मे महिन्यात दबून काळपट झालेला थर, ऑगस्टमध्ये तो बोटांनी चुरगळताना ताईचा हात. आठ महिने एका जागी उभं राहून कुणी बघू शकत नाही. शेत दाखवू शकत नाही अशी एकच गोष्ट पडदा दाखवू शकत होता, ती म्हणजे काळ. प्रोजेक्टर ठेवायचा निर्णय या चार फोटोंवर झाला.

दुसरा पर्याय तयार व्हिडिओचा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे चांगले व्हिडिओ मिळतात. पण ‘त्येंची जमीन येगळी’ हे वाक्य ठरलेलं असतं, आणि काळ्या भारी जमिनीतल्या माणसाने तसं म्हणणं चूकही नाही. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय त्याच ४६ स्लाइड देखण्या करण्याचा: नवा साचा, हलणारी चित्रं, मोठी अक्षरं. गटातल्या एका पदाधिकाऱ्याचा आग्रह याच्यासाठी होता, कारण त्यात त्याचे फोटो शाबूत राहत होते. मी थोडा कठोर झालो. स्लाइडचा क्रम चुकलेला असेल तर रंग बदलून तो बरोबर होत नाही. ताईचा क्रम पाठ्यपुस्तकाचा होता: व्याख्या, घटक, फायदे, पद्धत, आणि शेवटी अडचणी. ऐकणाऱ्याच्या डोक्यातला क्रम उलटा होता. अडचणी पहिल्या. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत फायदे कानावर पडतात, पण आत शिरत नाहीत.

म्हणून चौथा पर्याय घेतला. लोकांच्या शंका गोळा करायच्या, त्यांच्याच शब्दांत, आणि सादरीकरण त्या शंकांच्या क्रमाने नव्याने बांधायचं.

काय केलं

ताई दोन संध्याकाळ डेअरीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसली. मी तिला एकच अट घातली होती: उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहायचं. तिला ते फार जड गेलं. शिकलेल्या माणसाला चुकीचं ऐकून गप्प बसणं अवघड जातं, आणि यातलं बरंचसं चुकीचं नव्हतंच. वहीत आलेली वाक्यं अशी:

‘पाणी म्होरं सरकत न्हाई.’
‘बुडख्यावर पाला पडला की कोंब वर येत न्हाईत.’
‘उंदरं लै हुत्यात.’
‘शेजाऱ्यानं पेटवलं तर माझाबी जातोय.’
‘तोडकरी ऐकत न्हाईत.’
‘खर्च किती, ते सांगा आधी.’

ही वाक्यं जशीच्या तशी स्लाइडचे मथळे झाली. ‘सिंचन व्यवस्थापन’ या मथळ्याच्या जागी ‘पाणी म्होरं सरकत न्हाई’. खाली एकच फोटो: एक सरी पाल्याने भरलेली, शेजारची पाण्यासाठी मोकळी. बाकी सगळं ताईने तोंडाने सांगायचं. पहिलं पाणी जास्त वेळ घेतं हे लपवायचं नाही. ओल जास्त दिवस टिकते म्हणून पुढच्या दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येतं, हे त्यानंतर. कोंबांच्या स्लाइडवर जमिनीलगत छाटलेल्या बुडख्याचा फोटो. बुडखे मोकळे ठेवून पाला सरीत दाबला की कोंब अडत नाहीत. स्लाइड वाचून कळावी अशी ठेवायचीच नव्हती. ती बघून ‘मग?’ असा प्रश्न पडावा, आणि उत्तरासाठी नजर ताईकडे वळावी.

इथे एक प्रश्न खास आपल्या सीमाभागाचा आला. पडद्यावर शब्द किती ठेवायचे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असं दिसलं आहे की चित्र आणि बोलणं चालू असताना तेच बोलणं पडद्यावर अक्षरांतही दाखवलं, तर शिकणं सुधारत नाही, उलट अडतं. डोळे वाचतात, कान ऐकतात, आणि दोन्हींचा वेग जुळत नाही. पण या नियमाला मर्यादा आहेत. ऐकणाऱ्याची भाषा वेगळी असेल किंवा शब्द अवघड असेल, तर मोजके शब्द समोर असलेले बरे. सभेला येणाऱ्यांत कन्नड बोलणारी घरं होती. त्यांना मराठी कळतं, पण बी-बियाणं, खतं, औषधं यांचे शब्द कन्नडमधूनच जवळचे. म्हणून प्रत्येक स्लाइडवर मराठी मथळ्याखाली कन्नड लिपीत तोच मथळा, आणि जिथे आकडा आहे तिथे फक्त आकडा. त्यापलीकडे अक्षर नाही.

पदाधिकाऱ्यांच्या चार स्लाइडचं काय करायचं, यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी ते फोटो आणि बोधचिन्ह मंडपाच्या दारावरच्या फलकावर आणि वाटायच्या कागदावर गेले. ते तिथे जास्त वेळ दिसणार होते, म्हणून मंडळीही राजी झाली. मात्रा, म्हणजे एकरी किती काय घालायचं, तीही कागदावरच. आकडे लक्षात ठेवायला लावले की माणूस पाठांतरात अडकतो आणि ऐकणं सोडतो.

तांत्रिक दुरुस्त्या एका दुपारी झाल्या. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, सगळा मजकूर युनिकोडमध्ये, फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत, आणि त्याच फाइलची एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर. मग प्रोजेक्टर लावून मी मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिलो. ‘सरकत’ वाचता आलं, ‘बुडख्यावर’मधला ‘ख्या’ आला नाही. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा आधी गिचमिड होतात. अक्षर मोठं केलं आणि ओळींमधली जागा वाढवली.

माझी चूक सरावाच्या वेळी पकडली गेली. सुरुवातीला हात वर करायला लावावेत, असं मी सुचवलं होतं: ‘तुमच्यापैकी पाला कोण पेटवतं?’ लोक सहभागी होतील, ही कल्पना. ताईच्या वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘हात वर करून कोण कबूल करंल? आरोपी हायत काय?’ ते अगदी बरोबर होतं. प्रश्न बदलला: ‘गेल्या हंगामात तुम्हाला न विचारता कुणाचा फड तोडकऱ्यांनी पेटवला?’ हात वर करायचा तोच, पण आता तो तक्रारीचा होता, कबुलीचा नव्हे.

दुसरी सभा

पंधरा दिवसांनी, त्याच मंडपात. यावेळी गटाने थ्री फेज कधी येणार हे आधी विचारून घेतलं आणि सभा पाऊण तासात आटोपायची ठरवली. स्लाइड ११.

पहिल्या प्रश्नाला मंडपातले बरेच हात वर गेले. एकाने उभं राहून गेल्या वर्षीची हकीकतच सांगायला घेतली, आणि ताईने त्याला थांबवलं नाही. ‘पाणी म्होरं सरकत न्हाई’ पडद्यावर आलं तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. वाक्य त्याचंच होतं. चार फोटोंच्या वेळी मंडप शांत झाला. ऑगस्टच्या फोटोवर एकाने विचारलं, ‘ही गांडुळं तिथलीच का आणून घातली?’ ताई म्हणाली, ‘उद्या सकाळी या काका, उकरून दाखवते.’

मग आठवी स्लाइड आली, आणि सभेचा सगळ्यात अवघड क्षण. ती स्लाइड आम्हा दोघांची लाडकी होती. पेटलेल्या फडाचा फोटो, त्याच्या मधोमध युरियाचं पोतं, मथळा ‘एकरी एक पोतं युरिया वाचतो’. हिशोब बरोबर होता. पाल्यात नत्र साधारण अर्धा टक्का. ४ टनांत २० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो नत्रासाठी साधारण ४३ किलो युरिया, आणि पोतं ४५ किलोचं. एक पोतं. नजरेत भरणारं, घरी जाऊन सांगता येईल असं.

हातातला कागद वाचत बसलेले एक वयस्कर आप्पा उठले. ‘पोरी, हितं एक पोतं वाचतंय म्हणतीस. आणि ह्या कागदावर पाल्यावर एकरी ३२ किलो युरिया टाकायचा लिवलंय. ते पाऊण पोतं कुठनं आणायचं?’

मंडपात हशा पिकला. माझ्या पोटात गोळा आला, कारण प्रश्न बिनतोड होता आणि आम्हाला तो सुचला नव्हता. सोपं करताना आम्ही अर्धंच सत्य पडद्यावर ठेवलं होतं.

ताईने कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना त्याने पडदा काळा होतो. तिला हे मी सरावात दाखवलं होतं, पण केव्हा वापरायचं ते तिचं तिने ठरवलं. पोत्याचं चित्र गेलं, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती पडद्यापुढे आली आणि म्हणाली, ‘आप्पा, दही लावायला विरजण लागतंय न्हवं? पाला कुजवायला कागदावर जे जिवाणू लिहिलेत ते विरजण. आणि युरिया म्हणजे त्या जिवाणूंचं खाणं. ते न्हाई घातलं तर जिवाणू जमिनीतलं नत्र खातात आणि खोडवा पिवळा पडतोय. घातलेलं पाऊण पोतं वाया जात न्हाई, जिवाणू मेले की उसालाच मिळतंय. पण पहिल्याच वर्षी खर्च वाचतो असं मी म्हणायला नको होतं.’

आप्पा म्हणाले, ‘मग वाचतंय म्हणू नको. जळतंय येवढं म्हण.’ बसता बसता त्यांनी आणखी एक विचारलं: राखेत पोटॅश उरतंच ना? ताईने मान्य केलं. पोटॅश राखेत बरंचसं राहतं, नत्र मात्र धुरातून निघून जातं आणि कुजून माती भुसभुशीत करणारा कर्बही जातो. त्यानंतर मंडपात जो सूर लागला तो आमच्या कोणत्याही स्लाइडने लावला नसता. चूक कबूल करणाऱ्या माणसाला लोक खरे प्रश्न विचारतात. पुढची तीस मिनिटं पडदा काळाच होता आणि शेवटच्या तीन स्लाइड दाखवल्याच गेल्या नाहीत. थ्री फेज आला तेव्हा काहींनी मोटर चालू करायला पोरांना पाठवलं आणि स्वतः बसून राहिले.

निकाल

तोडणीच्या हंगामात सात जण जिवाणू खताची चौकशी करायला ताईकडे आले. प्रत्यक्षात चौघांनी खोडव्यात पाला ठेवला. त्यातल्या एकाचा पाला शेजारच्या फडातली आग येऊन जळाला, म्हणजे वहीतली चौथी शंका खरी ठरली. उरलेल्या तिघांत आप्पा आहेत. बाकी गावाने याही वर्षी पेटवलं.

आकडा छोटा आहे, आणि तो मोठा करून सांगण्यात अर्थ नाही. तोडकऱ्यांची अडचण कायम आहे. वाळल्या पाल्यात तोडणी जिकिरीची, पाला हाताला कापतो, वेळ जास्त लागतो आणि मजुरी टनावर मिळते. पेटवण्यामागे हे कारण असेल तर शेतकऱ्याचं मन वळवून काम अर्धंच होतं.

पुन्हा करायचं तर

‘तोडकरी ऐकत न्हाईत’ ही आमची सगळ्यात कच्ची स्लाइड होती. उत्तर म्हणून ताईने एवढंच सांगायचं होतं, ‘आधी बोलून ठरवा’. हा सल्ला देणाऱ्याला एकदा मुकादमाशी बोलायला लावावं, म्हणजे त्यातला पोकळपणा कळेल. त्या जागी स्लाइड ठेवायला नको होती. टोळीच्या मुकादमालाच सभेला बोलवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि पाला न पेटवता तोडायला टनाला किती वाढवून हवेत हे सर्वांसमोर विचारायचं.

कन्नड मथळे आम्ही फोनवरच्या भाषांतराने केले. ते छापील, सरकारी कन्नड निघालं. रवदी हा सगळ्यांच्या तोंडातला शब्द सोडून त्यात भलताच शब्द पडला होता, आणि कन्नड बोलणाऱ्या दोन आज्यांनी तो एकमेकींना वाचून दाखवला. मराठी वाक्यं कट्ट्यावरून उचलली आणि कन्नड वाक्यं यंत्राकडून घेतली, हा दुजाभाव झाला. ताईने डेअरीवर बसून दोन्ही भाषांत वही लिहायला हवी होती. तिला कन्नड उत्तम येतं.

त्या आज्या सोडल्या तर मंडपात बायका जवळजवळ नव्हत्या. सातची वेळ पुरुषांना मोकळी, बायकांची चुलीपुढची. खोडव्यातलं तण काढायला, पाला सारायला मात्र त्याच असतात. त्यांच्या शंका वहीत आल्याच नाहीत, म्हणून पडद्यावरही नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळी सभा दुपारी, आणि तिचे मथळे वेगळे, असं आता ठरलं आहे.

युरियाची स्लाइड ताईने काढली नाही, बदलली. पोत्याचं चित्र तेच आहे, मथळा आप्पांचा: ‘जळतंय येवढं’. तिच्या लगेच पुढे पाऊण पोत्याची स्लाइड आहे आणि तिचा मथळाही त्यांचाच प्रश्न आहे, ‘ते पाऊण पोतं कुठनं आणायचं?’

फोटोंचंही एक राहिलं होतं. चारही वेगवेगळ्या जागी उभं राहून काढलेले, म्हणून ‘हा तोच तुकडा कशावरून?’ असं एकाने विचारलं होतं, आणि ताईकडे उत्तर नव्हतं. यंदाच्या जानेवारीत तिने आप्पांच्या बांधावर एक खुंटी ठोकली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती खुंटीला पाय लावून उभी राहते आणि विहिरीचं टोक चौकटीत घेऊन फोटो काढते. आप्पा शेजारी उभे राहून तारीख मोठ्याने सांगतात.